कॅम वाजला, गळती नव्हती : हवेतला किरणोत्सार मोजताना रेडॉन आडवा येतो तेव्हा

सांजवारा

अणुऊर्जेच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की प्रकल्पात किंवा त्याच्या आसपास हवेतला किरणोत्सार मोजतात, त्यात निसर्गाचा किती आणि माणसाने सोडलेला किती हे कळतं कसं? तिथे हाणामारी चालू असल्याने प्रश्न वाहून गेला. मला तो फार आवडला, म्हणून वेगळा धागा. मी याच कामात नोकरी करून निवृत्त झाले. कुठे, ते विचारू नका.

प्लुटोनियम हाताळतात अशा प्रयोगशाळेत 'कॅम' असतो, म्हणजे कंटिन्युअस एअर मॉनिटर. पंप मिनिटाला तीसेक लिटर हवा एका फिल्टर पेपरमधून ओढतो आणि पेपरसमोर काही मिलिमीटरवर सिलिकॉनचा डिटेक्टर बसलेला असतो. पेपरवर अडकलेल्या धुळीतून अल्फा कण निघाले की मोजायचे, मर्यादा ओलांडली की भोंगा. कल्पना सोपी आहे. अडचण अशी की प्रयोगशाळेत प्लुटोनियमचा कणही नसला तरी पेपर अल्फा सोडतोच, कारण हवेत रेडॉन आहे. रेडॉन वायू असल्याने तो स्वतः फिल्टरमधून निघून जातो. पण त्याच्यापासून तयार होणारी मूलद्रव्यं, आम्ही त्यांना डॉटर म्हणायचो, धुळीला चिकटतात आणि पेपरवर जमतात.

थोडा हिशेब करू. प्लुटोनियम-२३९ साठी कामाच्या जागी हवेतली मर्यादा रासायनिक रूपाप्रमाणे बदलते. आपण घनमीटरला ०.२ बेकरेल धरू (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय). बरोब्बर तेवढ्या हवेत कॅम आठ तास चालला तर पेपरवर जेमतेम तीन बेकरेल प्लुटोनियम जमेल. बाहेरच्या साध्या, निरोगी हवेत रेडॉन घनमीटरला दहाएक बेकरेल असतो. तेवढ्यावर त्याच पेपरवर एकट्या पोलोनियम-२१४ या रेडॉनच्या डॉटरचेच दहा-बारा बेकरेल बसतात. म्हणजे शोधायचंय ते तीन आणि वाटेत बसलंय ते बारा. बंद खोलीत, हिवाळ्याच्या पहाटे हे बारा सहज पन्नासावर जातात.

मग हा बॅकग्राउंड, म्हणजे निसर्गाचा वाटा, मोजून वजा का करत नाही? कारण बॅकग्राउंड हा ठरलेला आकडा नाही. तो तासागणिक हलतो. काल दुपारचा आकडा आज पहाटेच्या आकड्यातून वजा केलात तर जी 'गळती' उरेल ती तुमची तुम्हीच तयार केलेली असेल.

दोन गोष्टींनी सुटका होते, ऊर्जा आणि वेळ. प्लुटोनियम-२३९ च्या अल्फाची ऊर्जा ५.१५ एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक), रेडॉनच्या डॉटरांपैकी पोलोनियम-२१८ ची ६.००, पोलोनियम-२१४ ची ७.६९. कागदावर छान वेगळ्या दिसतात. प्रत्यक्षात अल्फा कण हवेत सेंटीमीटरला साधारण एक एमईव्ही गमावतो. तिरपा निघालेला कण जास्त गमावतो, धुळीच्या थराखालून आलेला त्याहून जास्त. त्यामुळे ऊर्जेच्या आलेखावर सहाच्या शिखराला डावीकडे लांब शेपूट फुटतं आणि ते नेमकं प्लुटोनियमच्या खिडकीत, म्हणजे त्याच्या ऊर्जेच्या पट्ट्यात, येऊन पडतं. म्हणून पेपर कोणता वापरता याला फार महत्त्व आहे. मेम्ब्रेन फिल्टरवर कण पृष्ठभागावरच राहतात आणि शिखरं टोकदार येतात. साध्या कागदात कण आत रुततात आणि सगळं पसरट होतं. सॉफ्टवेअर शेपटाचा आकार ओळखून तेवढा भाग वजा करतं, पण पेपर धुळीने भरत जातो तसा आकारही बदलतो. बांधकाम चालू असलं की आमचे कॅम बिथरायचे ते याचमुळे.

वेळेबद्दल प्रतिसादांत लिहीन, लेख फार लांबतोय.

निळाई

वाचतेय. रेडॉन नक्की येतो कुठून? सिमेंटमधून येतो असं ऐकलं होतं.

सांजवारा

@निळाई, मुख्यतः जमिनीतून. प्रत्येक मातीत, खडकात थोडं युरेनियम असतं. त्याच्या साखळीत रेडियम येतं आणि रेडियमपासून रेडॉन-२२२. याचा अर्धायुकाल (निम्मे अणू संपायला लागणारा वेळ) ३.८ दिवस, म्हणजे मातीच्या फटींतून वर यायला पुरेसा वेळ मिळतो. जमिनीच्या दर चौरस सेंटीमीटरमधून सेकंदाला साधारण एक अणू बाहेर पडतो. सिमेंट, विटा, ग्रॅनाइट यांतूनही येतो, पण तळमजल्यावर जमिनीचा वाटा मोठा.

समुद्रातून मात्र फारच कमी येतो, जमिनीच्या जवळपास शंभराव्या हिश्श्याइतका. मुंबईसारख्या ठिकाणी म्हणून वारा कुठून येतोय यावर सगळं ठरतं. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा हजारो किलोमीटर पाण्यावरून येतो, शिवाय माती भिजून फटी बंद झालेल्या असतात. रेडॉनचा आकडा तळाला जातो. हिवाळ्यात वारा जमिनीवरून, रात्री आकाश निरभ्र, जमिनीलगत थंड हवा अडकते आणि वरची उबदार हवा झाकण घालते. पहाटे पाच ते सातच्या दरम्यान आकडा शिगेला. ऊन तापलं की हवा ढवळली जाते आणि दुपारी तो आपोआप उतरतो.

नवीन माणूस हिवाळ्यात रात्रपाळीला असेल तर आम्ही आधीच सांगून ठेवायचो : पहाटे व्हेंटिलेशन ट्रिप झालं तर कॅम वाजणार. श्वासाचा मास्क लाव, नियमाप्रमाणे बाहेर ये, पण हातपाय गाळू नकोस.

वैदर्भी

आमच्याकडे भंडारा-गोंदियाला बेसॉल्ट नाही, जुना ग्रॅनाइट-नाइस आहे. मग आमच्याकडे रेडॉन जास्त का?

सांजवारा

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम आणि थोरियम दोन्ही कमी. ग्रॅनाइटी खडकात साधारणपणे जास्त. त्यामुळे पुणे-नाशिकपेक्षा तुमच्या भागातली पातळी वर असणं स्वाभाविक आहे. पण घरातला आकडा खडकाइतकाच जमिनीच्या भेगांवर, जोत्यावर आणि खिडक्या किती उघड्या असतात यावर ठरतो. आपल्याकडची वारा खेळणारी घरं या बाबतीत भाग्यवान. जगाची घरातली सरासरी घनमीटरला ४० बेकरेलच्या आसपास धरतात आणि जागतिक आरोग्य संघटना शक्यतो १०० च्या खाली ठेवा म्हणते.

धुवांधार

माझ्याकडे हौशीचा गायगर काउंटर आहे, पुण्यात गच्चीवर ठेवतो. मे अखेरीस वळवाचा पाऊस झाला की आकडा टुणकन वर जातो आणि दोनेक तासांत पूर्ववत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तारापूरपासून कल्पक्कमपर्यंत सगळ्या बातम्या चाळल्या होत्या. 😀 गंमत म्हणजे जुलैत दिवसभर पाऊस पडतो तेव्हा असं काही दिसत नाही. काउंटर ओला होतो म्हणावं तर डबा बंद आहे.

सांजवारा

@धुवांधार, काउंटर ठीक आहे. तुम्ही पाहिलंत ते अगदी शुद्ध रेडॉन.

हवेतल्या रेडॉनच्या डॉटर, म्हणजे शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४, ढगातल्या थेंबांना चिकटतात आणि पावसाबरोबर जमिनीवर उतरतात. शिसे-२१४ चा अर्धायुकाल २७ मिनिटे, बिस्मथ-२१४ चा २०. म्हणून पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत सगळं संपतं. वळवाचा ढग जमिनीवरच्या तापलेल्या हवेतून उभा राहतो, म्हणजे रेडॉन भरपूर. आषाढातला ढग अरबी समुद्रावरून येतो, त्याच्याकडे द्यायला काही नसतं. शिवाय पहिल्या सरी जे धुऊन नेतात ते पुढच्या सरींच्या वाट्याला येत नाही.

देशभर भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'आयर्मॉन' नावाचं गॅमा मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं आहे. जगभरच्या अशा सगळ्या जाळ्यांना पावसाची ही शिखरं सांभाळून घ्यावी लागतात. जर्मनीत साधारण १,७०० केंद्रं आहेत. पाऊस पडला की वाढ झाली म्हणून कुणी सायरन वाजवायला लागलं तर युरोपात रोज सायरन वाजेल. म्हणून गॅमा केंद्राशेजारी पर्जन्यमापक हवाच.

पुढच्या वळवाला एक करा. पाऊस थांबल्याबरोबर गाडीच्या टपावरचं पाणी टिश्यू पेपरने पुसून घ्या, पेपर काउंटरच्या खिडकीला लावा आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. साधारण अर्ध्या तासात निम्मा व्हायला हवा. तसा झाला तर रेडॉन. सिझियम असतं तर महिनाभराने मोजलंत तरी तेवढंच राहिलं असतं, त्याचा अर्धायुकाल ३० वर्षांचा.

तिरकसराव

म्हणजे विसर्जन मिरवणुकीच्या ढोलताशात पाकीट मारल्याचा आवाज ऐकायचा, असा प्रकार आहे तर. पगार चांगला असावा.

शंकासुर

धागा माहितीपूर्ण आहे, पण खवचट प्रश्न विचारतोच. हे सगळं वाचून मला एवढंच कळलं की उद्या खरी गळती झाली तर 'रेडॉन हो, हिवाळा आहे, पहाट आहे' एवढं म्हणून मोकळं होता येईल. सामान्य माणसाने ते तपासायचं कसं?

वाऱ्यावरची_वारी

+१. हाच प्रश्न मनात होता.

सांजवारा

खवचट नाही, योग्य प्रश्न आहे. 'रेडॉन आहे' हे मत नव्हे, तपासता येणारं विधान आहे. आता ती वेळेची गोष्ट सांगते.

वाजलेल्या कॅमचा पेपर काढून ठेवायचा आणि पुन्हापुन्हा मोजायचा. रेडॉनच्या डॉटर तीन-चार तासांत जवळपास संपतात. उरतं ते थोरॉनचं. हा थोरियमच्या साखळीतला रेडॉन, स्वतः जेमतेम मिनिटभर जगतो, पण त्याच्यापासून येणारं शिसे-२१२ साडेदहा तासांच्या अर्धायुकालाचं. तेही तीन-चार दिवसांत नगण्य होतं. प्लुटोनियम-२३९ चा अर्धायुकाल २४,००० वर्षांचा, ते कुठेही जात नाही. चार दिवसांनी पेपरवर अल्फा शिल्लक असेल तर त्याचं उत्तर द्यावंच लागतं, मग कुणी काहीही म्हणो.

चालू कॅमवरही हाच फरक दिसतो. रेडॉनच्या डॉटर जितक्या जमतात तितक्याच मरतात, त्यामुळे पेपरवर त्यांचा आकडा दोन-तीन तासांत सपाट होतो. दीर्घायुषी काही असेल तर रेषा चढतच राहते. जुने लोक प्रिंटआउटवर पट्टी ठेवून हे बघायचे आणि सहसा चुकायचे नाहीत.

आणखी एक युक्ती मला फार देखणी वाटते. बिस्मथ-२१४ बीटा सोडतो आणि त्याच्यामागोमाग पोलोनियम-२१४ अल्फा सोडतो, त्याचा अर्धायुकाल फक्त १६४ मायक्रोसेकंद. म्हणजे बीटानंतर एवढ्या झटक्यात अल्फा आला तर ती जोडी रेडॉनचीच. प्लुटोनियमच्या अल्फाआधी असा बीटा येत नाही. अशा जोड्या मोजून यंत्र त्या क्षणी पेपरवर रेडॉन किती आहे ते सांगू शकतं, कालच्या बॅकग्राउंडवर विसंबावं लागत नाही.

स्टॉकहोमकर

@शंकासुर, दाबून ठेवण्याबद्दल. २८ एप्रिल १९८६ ला इथे फोर्समार्कच्या प्रकल्पात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे मॉनिटर वाजला. आधी वाटलं आपल्याच अणुभट्टीत काही झालं. पण त्यांनी नमुने गॅमा स्पेक्ट्रोमेट्रीवर (गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून ते कशातून आले हे ओळखायची पद्धत) लावले आणि त्यात अणुभट्टीच्या इंधनातली समस्थानिकं दिसली, ती रेडॉनशी गल्लत होण्यासारखी नव्हतीच. वाऱ्याची दिशा बघितली तर बोट सोव्हिएत युनियनकडे. मॉस्कोने चेर्नोबिलबद्दल तोंड उघडलं ते त्याच दिवशी संध्याकाळी. तोवर दोन दिवस उलटले होते.

पावसाचं इथेही तेच झालं. तो ढग वरून जात असताना येव्हले भागात नेमका पाऊस पडला आणि स्वीडनमधलं बरंचसं सिझियम तिथे उतरलं. आजही तिकडची रानडुकरं आणि अळंबी तपासतात.

सांजवारा

@स्टॉकहोमकर, यात एक भर. सिझियम-१३४ दिसलं की स्रोत अणुभट्टी, कारण बॉम्बस्फोटात ते जवळजवळ तयारच होत नाही. म्हणजे 'आहे की नाही' इतकंच नव्हे, 'कुठल्या प्रकारच्या ठिकाणाहून' हेही कळतं.

२०१७ च्या शरद ऋतूत युरोपभर रुथेनियम-१०६ सापडलं, बहुतेक ठिकाणी घनमीटरला मिलिबेकरेल किंवा त्याहून कमी. म्हणजे तिथल्याच हवेतल्या रेडॉनच्या हजारो पट कमी. तरी अनेक देशांच्या प्रयोगशाळांना ते दिसलं, कारण त्या हजारो घनमीटर हवा मोठ्या फिल्टरमधून ओढतात, रेडॉन मरू देतात आणि मग मोजतात. सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराच्या केंद्रांचा परिपाठही तोच आहे : २४ तास हवा गोळा, २४ तास नुसतं ठेवून द्यायचं, २४ तास मोजायचं. मधले २४ तास खास रेडॉन-थोरॉनसाठी सोडलेले. (भारताने त्या करारावर सही केलेली नाही, पण तो वेगळा धागा.)

शंकासुर

हे पटलं. पण हे सगळं 'नंतर' कळतं. चार दिवसांनी. आत काम करणाऱ्या माणसाने तोपर्यंत श्वास घेतलाच ना?

सांजवारा

घेतला. आणि या क्षेत्रातली खरी दुखरी नस तीच आहे.

खोटे अलार्म फार यायला लागले की दोन गोष्टी होतात. माणसं भोंग्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, किंवा कुणीतरी अलार्मची मर्यादा वर सरकवतं. दुसरी गोष्ट रजिस्टरमध्ये फार शहाणी दिसते. पण मर्यादा दुप्पट केली म्हणजे माणसाने दुप्पट श्वास घेतल्यावर भोंगा वाजणार. मी हा वाद कितीतरी बैठकांत घातलाय आणि बाजूच घ्यायची तर मी अजूनही खोट्या अलार्मची बाजू घेईन. त्रास होऊ दे, मर्यादेला हात लावू नका; पेपर बदला, व्हेंटिलेशन नीट करा, कॅमची जागा बदला.

बॅकग्राउंडने संवेदनशीलता किती मारली जाते याचं एक साधं सूत्र आहे, क्युरीने १९६८ मध्ये दिलेलं (मेरी क्युरी नव्हे, लॉइड क्युरी). बॅकग्राउंडचे काउंट 'ब' असतील तर खात्रीने ओळखता येईल असा किमान काउंट म्हणजे २.७१ अधिक ४.६५ गुणिले 'ब'चं वर्गमूळ. बॅकग्राउंड १०० असेल तर साधारण ४९. तेच २,५०० झालं तर २३५. म्हणजे दुपारी जी गळती यंत्राला दिसली असती ती पहाटे पाचपट मोठी होईपर्यंत दिसणार नाही. यात कुणाची लबाडी नाही, संख्याशास्त्र आहे. आणि हे सूत्र वर्गमुळाच्या भरवशावर चालतं, ते बॅकग्राउंड मोजतामोजता बदलत नाही असं धरून. ते बदलत असेल तर परिस्थिती याहून वाईट.

म्हणून कॅमवर एकट्यावर कुणी विसंबत नाही. कामगाराच्या नाकाजवळ वैयक्तिक सॅम्पलर, नाकातला स्वॅब, शंका आली तर लघवीची तपासणी. ती चाचणी रेडॉनला भुलत नाही.

जर्सीकर

इकडे अमेरिकेत रेडॉनचं नाव घराघरांत पोचलं ते अशाच एका उलट्या अलार्ममुळे. डिसेंबर १९८४, पेनसिल्व्हेनियातला लिमरिक अणुप्रकल्प. बांधकाम पूर्ण होत आलेलं, वीजनिर्मिती अजून सुरू नव्हती. तिथला इंजिनिअर स्टॅन्ली वॉट्रस याच्यामुळे किरणोत्सार मॉनिटर वाजायचा, आणि एकदा तर कामावर *येतानाच* वाजला. मग घर तपासलं. लिटरला सुमारे २,७०० पिकोक्युरी, म्हणजे घनमीटरला जवळपास एक लाख बेकरेल. कुटुंबाला घर सोडावं लागलं, नंतर दुरुस्ती करून परत आले.

आता इथे घर घेताना बेसमेंटची रेडॉन टेस्ट जवळपास रीतच झालीये. ४ पिकोक्युरीच्या वर आलं की जमिनीखालून हवा ओढणारा पाइप आणि पंखा बसवतात. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दर वसंतात कुणीतरी घाबरून रिपोर्ट टाकतंच.

सांजवारा

कामावरही लोक बाहेरून रेडॉन घेऊन यायचे, विशेषतः कोरड्या थंडीत. सिंथेटिक कपड्यांवर स्थिर विद्युत जमते आणि रेडॉनच्या डॉटर तिकडे ओढल्या जातात. दारातला पोर्टल मॉनिटर वाजला की माणसाला बसवून ठेवायचं, चहा द्यायचा आणि तासाभराने पुन्हा मोजायचं. नायलॉनच्या साडीवाल्या एका बाई हिवाळाभर हा पाहुणचार घ्यायच्या.

ही गोष्ट जुनीच आहे म्हणा. एल्स्टर आणि गायटेल या दोन जर्मन शिक्षकांनी १९०१ मध्ये उघड्या हवेत ऋण भारित तार ताणून ठेवली आणि तारेवर किरणोत्सार जमलेला दाखवला.

काणकोणकार

आमच्या काणकोणपासून कैगा फार लांब नाही. तिथल्या हवेत काही सुटलं तर हा रेडॉन त्यालाही झाकून टाकणार का?

सांजवारा

काय सुटलं यावर आहे. कैगाच्या जड पाण्याच्या भट्ट्या. अशा भट्ट्यांच्या हवेतल्या उत्सर्जनात ट्रिटियमवर, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनवर, बारीक लक्ष ठेवतात. ट्रिटियम बाष्पाच्या रूपात असतं, हवेतला ओलावा गोळा करून प्रयोगशाळेत मोजतात. तिथे फिल्टर पेपर नाही, म्हणून त्यावरच्या रेडॉनची कटकटही जवळजवळ नाही. आयोडीन-१३१ कोळशाच्या काडतुसात पकडतात. कोळसा रेडॉनही शोषतो, पण आयोडीनची ३६४ केईव्हीची (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) गॅमा रेषा शिसे-२१४ च्या ३५२ पासून चांगल्या जर्मेनियम डिटेक्टरवर स्वच्छ वेगळी दिसते. साध्या सोडियम आयोडाइडवर त्या दोघी एकमेकींत मिसळतात. स्वस्त उपकरण आणि घाईचा निष्कर्ष ही जोडी इथे धोकादायक.

वैदर्भी

आणि केरळच्या मोनाझाइटच्या किनाऱ्यावर?

सांजवारा

चवरा-नींदकरा पट्ट्यात मोनाझाइटच्या वाळूत थोरियम, त्यामुळे थोरॉनचा जोर. बाकीचं जग रेडॉनसाठी काही तास थांबतं, तिथे दिवस मोजावे लागतात. थोरॉनच्या साखळीतला बिस्मथ-२१२ सुद्धा ६ एमईव्हीच्या आसपास अल्फा सोडतो, म्हणजे तीच शेपूट, फक्त चिवट. रेडॉन आणि थोरॉन यांचं प्रमाण ठरावीक आहे असं धरून बनवलेलं यंत्र तिथे नेलंत तर ते तुम्हाला हमखास फसवेल.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. समजा मला माहिती अधिकारात प्रकल्पाच्या परिसरातल्या हवेचे आकडे मागायचेत. काय मागू, म्हणजे 'मर्यादेत आहे' एवढ्यावर बोळवण होणार नाही?

सांजवारा

'एकूण अल्फा' किंवा 'एकूण बीटा' एवढाच आकडा दिला तर तो घेऊन घरी जाऊ नका. विचारा : नमुना कधी काढला आणि मोजला कधी, तारीख आणि तास दोन्ही. किती घनमीटर हवा ओढली. पेपर पुन्हा मोजला का, किती दिवसांनी, तेव्हा काय आलं. समस्थानिकांप्रमाणे वेगळे आकडे आहेत का आणि प्रत्येकाची किमान ओळख-मर्यादा किती. 'आढळले नाही' याला त्या मर्यादेशिवाय काही अर्थ नाही. बेरिलियम-७ चा आकडाही मागा. ते विश्वकिरणांमुळे वातावरणात तयार होतं, अर्धायुकाल ५३ दिवस, म्हणून चांगल्या मोठ्या फिल्टरवर ते दिसतंच. प्रयोगशाळेला बेरिलियम-७ दिसत नसेल तर तिला सिझियम दिसत नाही यात नवल नाही.

धुवांधार

टिश्यूचा प्रयोग नक्की करतो. पण गाडीवर कव्हर घातलेलं असतं, कव्हरवरचं पाणी चालेल का?

सांजवारा

चालेल, उलट प्लास्टिकचं असेल तर बरंच. फक्त पाऊस थांबल्यावर पाचेक मिनिटांत पुसा. चहा नंतर घ्या.